सहा कुप्या, पंधरा दिवस

मी आजवर सरिनचा एक थेंबही पाहिलेला नाही. मस्टर्ड गॅस नाही, व्हीएक्स नाही, काहीच नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा विरस होतो. रासायनिक अस्त्रांशी संबंधित चाचण्या करते म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे मुखवटे आणि धूर येतो. माझ्यापुढे येतं ते पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. बोटाच्या पेरात मावेल एवढ्या कुपीत, दगडासारखा गोठलेला. त्यात विष नसतंच. ते कधीच विरून गेलेलं असतं. जाताना ते कुणाला धक्का मारून गेलं का, आणि मारला असेल तर त्याचा ओरखडा कुठे राहिलाय, एवढंच आम्ही बघतो.

ही हकिगत एका रंगीत तालमीची आहे. रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ ला अमलात आला. तो पाळला जातोय का, हे बघणारी संघटना ओपीसीडब्ल्यू नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहे. घटनास्थळाहून आणलेले नमुने ती निरनिराळ्या देशांतल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे पाठवते. ही मान्यता मिळवायची आणि टिकवायची तर परीक्षा द्यावी लागते. माती, पाणी, रंगाचे पोपडे अशा नमुन्यांची परीक्षा जुनी. रक्त-लघवीच्या नमुन्यांची अधिकृत परीक्षा २०१६ मध्ये सुरू झाली. परीक्षेचा एक नियम फार बोलका आहे. नमुन्यात असलेलं रसायन तुम्हाला सापडलं नाही तर गुण जातात. पण नसलेलं रसायन ‘आहे’ म्हणून कळवलंत तर अख्खी परीक्षाच हातची गेली.

आम्ही त्या परीक्षेला बसण्याआधी घरचा सराव करायचं ठरवलं. अशी रसायनं हाताळायचा परवाना असलेल्या दुसऱ्या एका ठिकाणी सहा कुप्या तयार झाल्या. उत्तरं बंद पाकिटात आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या कपाटात. आम्हाला मुदत पंधरा दिवस. आम्ही म्हणजे मी आणि माझा एक धाकटा सहकारी. तो नुकताच रुजू झालेला, हुशार, आणि आलेखावरचं प्रत्येक पीक, म्हणजे शिखर, बघून हरखणारा.

पहिला दिवस कागदांत गेला. सील शाबूत आहे का, कुपीवरचा आकडा आणि फॉर्मवरचा आकडा जुळतो का, वाटेत तापमान चढलं होतं का, कुणी कुणाच्या ताब्यात किती वाजता दिलं. चेन ऑफ कस्टडीचे हे कागद भरताना हात दुखून येतो. पण त्यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं रसायनशास्त्र केराच्या टोपलीत. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग केले. एक कामाला, एक राखीव, एक न उघडता उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. तो तिसरा भाग पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आम्ही नेमकं काय शोधतो, हे मी घरी समजावून सांगते ते मधुमेहाच्या चाचणीवरून. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी एचबीएवनसी चाचणी असते, ती मुळात रक्तातली साखर मोजतच नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल असतं. रक्तात फिरणारं ग्लुकोज त्याला चिकटून बसतं. लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस, तेवढे दिवस ही चिकटलेली साखर तिच्याबरोबर फिरते. काल उपास केला तरी तीन महिन्यांची लबाडी उघडी पडते ती त्यामुळे. आमची पद्धत अगदी हीच, फक्त साखरेच्या जागी विष. मस्टर्ड तर हिमोग्लोबिनच्या त्याच टोकाच्या व्हॅलिनलाही चिकटतं.

विष स्वतः रक्तात फार टिकत नाही. पाण्याशी त्याची प्रक्रिया होते, तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात, काही दिवसांत लघवीही कोरी होते. पण जो रेणू प्रथिनाला पक्का जोडला गेला, तो ते प्रथिन जगेल तोवर राहतो. या जोडीला आम्ही अ‍ॅडक्ट म्हणतो. अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचं अर्धायुष्य सुमारे वीस दिवस, ब्युटिरिलकोलिनएस्टरेझचं दीड-दोन आठवडे. म्हणजे घटना घडून काही आठवडे उलटले तरी विचारायला कुणीतरी साक्षीदार शिल्लक असतो.

हे दुसरं लांबलचक नाव आमच्या कामाचा कणा आहे. त्याला आम्ही नुसतं ‘बीशे’ म्हणतो. सरिन, सोमान, ताबून, व्हीएक्स ही सगळी नर्व्ह एजंट मंडळी मज्जातंतूंच्या जोडांवरचं एक एन्झाइम बंद पाडतात. स्नायूंना मिळणारा ‘आखड’ हा निरोप मग पुसलाच जात नाही, आणि माणूस गुदमरतो. त्या एन्झाइमचा चुलतभाऊ म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा हा बीशे. विष त्यालाही तितक्याच आवडीने पकडतं, नेमकं त्यातल्या १९८ क्रमांकाच्या सेरिन या अमिनो आम्लावर. अडचण एकच. एक लिटर प्लाझ्मात अल्ब्युमिन असतं ३५ ते ५० ग्रॅम आणि बीशे जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम. जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तसा प्रकार.

दुसऱ्या दिवशी आधी एन्झाइमची कार्यक्षमता मोजली. ती सोपी चाचणी आहे, आणि फसवीही. कुपी २, ३ आणि ६ मध्ये आकडा खाली आला होता. सहकारी लगेच म्हणाला, “ताई, तीन पॉझिटिव्ह!” मी म्हटलं, थांब. बीशेची पातळी माणसामाणसांत मुळातच कमीजास्त असते. यकृत बिघडलं तर ती घसरते, गरोदरपणात घसरते. काहींच्यात तर जन्मतःच हे एन्झाइम दुबळं असतं. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं एक विशिष्ट औषध दिलं आणि त्याचा अंमल मिनिटांऐवजी तासन्‌तास राहिला, की मग कळतं. माणसाचा आधीचा आकडा माहीत नसेल तर एका सुट्या आकड्यावरून ‘विषबाधा’ म्हणायची हिंमत करू नये. आणि आकडा विषामुळे पडला असला तरी कुठल्या विषामुळे, हे तो सांगत नाही. शेतातलं ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकही हेच एन्झाइम बंद पाडतं.

तिसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. बारीक चुंबकीय मण्यांवर बीशेला ओळखणारी प्रतिपिंडं चढवलेली असतात. प्लाझ्मात ते मणी टाकून हळूहळू फिरवत ठेवायचे. मग नळीच्या बाजूला चुंबक लावला की तपकिरी मणी भिंतीला जाऊन चिकटतात, सोबत बीशे. अल्ब्युमिनचा सगळा गाळ वरच्या द्रवात राहतो, तो बाजूला काढायचा. धुवायचं, परत धुवायचं, आणखी एकदा धुवायचं. हे धुणं मला आवडतं. चुंबकाकडे सरकणारी ती तपकिरी रेघ बघत बसावंसं वाटतं.

मग पेप्सिन. आपल्या जठरातलं, अन्न पचवणारं तेच. आम्लात ठेवलेलं हे पेप्सिन बीशेचे तुकडे करतं, आणि त्यातला एक तुकडा आमच्या कामाचा. नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, मधोमध तो १९८ वा सेरिन. ट्रिप्सिन वापरलं तर हाच भाग एकोणतीस अमिनो आम्लांचा लांबलचक मिळतो आणि यंत्राला तो जड जातो. नऊचा तुकडा सुटसुटीत.

मास स्पेक्ट्रोमीटर हा शेवटी वजनकाटा आहे, बाकी त्याचा थाट काही असो. विष न चिकटलेल्या त्या तुकड्याचा आकडा ७९६. सरिनचा अवशेष चिकटला तर ९१६. व्हीएक्सचा असेल तर ९०२. हे आकडे आम्हाला घरच्या फोन नंबरांपेक्षा चांगले पाठ आहेत. यंत्र नुसतं वजन करून थांबत नाही, त्या तुकड्याला आदळून फोडतं आणि फुटलेल्या कपच्यांचंही वजन करतं. फुटताना चिकटलेला अवशेष गळून पडतो, म्हणून यातला कुणीही फुटला की एक कपची ७७८ वर येतेच. आधी किती वजन होतं, फुटल्यावर कुठे आलं आणि काट्यावर येण्याआधी रेणू वेगवेगळे करणाऱ्या स्तंभातून बाहेर पडायला किती वेळ लागला, हे सगळं संदर्भ-नमुन्याशी जुळलं तरच नाव घ्यायचं.

कुपी २ ने पहिला धडा दिला. पीक आलं ९३२ वर. सहकाऱ्याने यादीवर बोट ठेवलं, ताबून ९३१. “एकाचाच तर फरक आहे, ताई. काटा जरा हललाय असं धरायचं का?” काटा हललेला नव्हता. ९३२ हे डायइथाइल गटाच्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचं वजन. बाजारातल्या कितीतरी फवारण्या शरीरात गेल्यावर बीशेवर हाच अवशेष सोडतात. एकीकडे युद्धगुन्हा आणि दुसरीकडे शेतातला अपघात, मध्ये हायड्रोजनच्या एका अणूएवढं वजन. शिवाय निसर्गातला काही कार्बन मुळातच एक घर जड असतो, त्यामुळे ताबूनच्या ९३१ लाही ९३२ वर एक सावली पडते. म्हणून ९३१ ची जागा खरंच रिकामी आहे का, हे वेगळं तपासलं. होती. कुपी २ समोर लिहिलं : कीटकनाशकाशी सुसंगत, नर्व्ह एजंटचा पुरावा नाही.

कुपी ३ ने त्रास दिला नाही. ९१६ वर असं उंच पीक की यंत्राचा पडदा कमी पडावा. शेजारी ८७४ वर एक लहान पीक. त्या ८७४ विषयी पुढे येतेच. संध्याकाळ झाली होती, आम्ही खुशीत होतो, आणि तिथेच माझ्या हातून चूक झाली.

प्रत्येक नमुन्यानंतर यंत्रातून कोरा द्राव सोडायचा असतो, ब्लँक. आधीच्या नमुन्याचं काही नळीत, सुईत, स्तंभात चिकटून राहिलं असेल तर ते त्यात उतरतं. रात्रभर यंत्र चालू ठेवून सकाळी सगळे निकाल हातात घ्यायचे, या हावेपोटी मी उरलेल्या कुप्यांमधले ब्लँक काढून टाकले. यादी आटोपशीर झाली. घरी जाऊन शांत झोपले.

सकाळी सहकारी माझ्याआधी आलेला. चेहरा फुललेला. कुपी ४ मध्ये ९१६, कुपी ५ मध्येही ९१६! लहान, पण स्पष्ट, आणि वेळही अगदी बरोबर. दोन्ही कुप्यांची एन्झाइम-क्षमता तर व्यवस्थित होती. अगदी अल्प मात्रेची बाधा असेल तर असं होऊ शकतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंही आहे. अ‍ॅडक्ट शोधण्याचा फायदाच तो. दहा-वीस टक्के एन्झाइम अडकलं तर क्षमतेच्या चाचणीत कळणारही नाही, वजनकाट्यावर मात्र दिसतं. मी मान डोलावत होते. मग मी तिन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. कुपी ४ मध्ये पीक लहान. कुपी ५ मध्ये त्याच्याही निम्मं. कुपी ६ मध्ये पुसट. ३ पासून खाली उतरत आलेल्या पायऱ्या!

पोटात गोळा आला. विष काही कुपीच्या क्रमांकाप्रमाणे चढत-उतरत नाही. ही आमच्या यंत्राची उष्टी होती.

मॅडमकडे गेले आणि सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, “ब्लँक काढलेस हे लिही. वेळ लिही, सही कर. मग बोलू.” वहीत लिहिलं. अशा नोंदी खोडायची सोय नसते, नसावीही. मग प्रश्न आला की हे यंत्रात झालं की त्याआधीच, मणी धुताना, पिपेटच्या टोकातून ३ चं काही ४ मध्ये गेलं? दोन्हीत फरक करायचा तर नुसतं परत यंत्रावर चढवून भागणार नव्हतं. राखीव भाग काढले, नवे मणी, नवी टोकं, आणि या वेळी ३ ला हातच लावला नाही. क्रम उलटा ठेवला, ६, ५, ४, आणि प्रत्येकामध्ये दोन-दोन ब्लँक. दोन दिवस गेले त्यात. ४ आणि ५ मध्ये ९१६ च्या जागी सपाट रेघ. सपाट रेघ बघून एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

कुपी ६ मात्र वेगळंच बोलत होती. एन्झाइम-क्षमता तळाला गेलेली, ९१६ नाही, ९०२ नाही, आणि ८७४ वर ठणठणीत पीक.

आता ते ८७४. नर्व्ह एजंट बीशेला चिकटल्यावर काही काळाने त्याचा एक हात गळून पडतो. याला आम्ही एजिंग म्हणतो, म्हातारं होणं. हात गळाला की उरतो तो मिथाइलफॉस्फोनिक आम्लाचा बुंधा, आणि तो सरिनचा, सोमानचा, सायक्लोसरिनचा सगळ्यांचा एकसारखा. तोंडवळाच नाहीसा होतो. सरिनच्या बाबतीत हे व्हायला काही तास लागतात, व्हीएक्सला त्याहून बराच जास्त वेळ, सोमानला काही मिनिटं पुरतात. उपचारांच्या दृष्टीनेही हे वाईट, कारण एन्झाइम सोडवणारी ऑक्झाइम औषधं एजिंग झाल्यावर निरुपयोगी ठरतात. आमच्या दृष्टीने अर्थ एवढाच की कुपी ६ मध्ये नर्व्ह एजंट येऊन गेला हे नक्की, कोण हे बीशे सांगणार नाही.

अशा वेळी अल्ब्युमिनला विचारायचं. ते एकेकाळी आम्ही गाळ म्हणून ओतून द्यायचो, आता वरचा द्रव जपून ठेवतो. अल्ब्युमिनच्या ४११ व्या जागी टायरोसिन हे अमिनो आम्ल आहे. नर्व्ह एजंट त्यालाही चिकटतं, थोडं आळसाने. पण तिथे चिकटलेल्या अवशेषाचा हात गळत नाही. प्रोनेज नावाच्या एन्झाइम-मिश्रणाने अल्ब्युमिनचा पार भुगा केला की तो टायरोसिन सुटा हाती लागतो, अवशेषासकट. सरिन असेल तर वजन ३०२, सोमान असेल तर ३४४. आमचं पीक आलं ३४४ वर. लहानसंच, पण कपच्यांची वजनं जुळली, वेळ जुळली, दुसऱ्यांदा केलं तरी जुळली. सहकाऱ्याने या वेळी आनंदाने ओरडायच्या आधी मागे वळून विचारलं, “ब्लँक बघितले?” मला बरं वाटलं.

त्याच अल्ब्युमिनने कुपी ४ चंही गूढ उकललं. अल्ब्युमिनमध्ये पस्तीस सिस्टीन असतात. त्यातले चौतीस आपापसांत जोड्या लावून बसलेले, एकटा मोकळा तो ३४ व्या जागेवरचा. सल्फर मस्टर्ड बरोबर त्या एकट्याला गाठतं. भुगा केल्यावर सिस्टीन, प्रोलिन, फेनिलअलॅनिन असा तिघांचा तुकडा मिळतो, मस्टर्डच्या अवशेषासह वजन ४७०, आणि फोडल्यावर १०५ ची कपची. कुपी ४ मध्ये हेच सापडलं. इराण-इराक युद्धात मस्टर्डने भाजलेल्या इराणी माणसांच्या रक्तातही हीच खूण नंतर सापडली. १९८० च्या दशकात त्या जखमींना उपचारांसाठी युरोपातल्या रुग्णालयांत नेलं होतं. तेव्हा घेतलेलं रक्त कुणीतरी फेकून न देता गोठवून ठेवलं. शोधायची पद्धत नंतर तयार झाली, साक्षीदार आधीपासून फ्रीझरमध्ये वाट बघत होता. कुपी हातात घेताना मला नेहमी ते अनामिक हात आठवतात. जागा रिकामी करा म्हणून किती वेळा त्यांना सांगितलं गेलं असेल.

टोकियोचंही तसंच. २० मार्च १९९५ ला भुयारी रेल्वेत सरिन सोडलं गेलं. त्याआधी जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात तोच प्रकार झाला होता. दोन्ही ठिकाणच्या बाधितांचं रक्तद्रव नेदरलँड्समधल्या संशोधकांपर्यंत पोचलं. त्यांनी फ्लोराइड वापरून बीशेला चिकटलेला अवशेष पुन्हा सुटा केला. म्हणजे गेलेल्या विषाला यंत्रापुरतं, अब्जांश मात्रेत, परत उभं केलं. १९९७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि ‘रक्त विष विसरत नाही’ असं आमच्या धंद्यात सगळे म्हणायला लागले. ते अर्धसत्य आहे. रक्त विसरतं, फक्त जरा सावकाश. आणि आठवतं तेही तुकड्यातुकड्याने.

तो तुकड्याचा मुद्दा अहवाल लिहिताना बोचला. दहाव्या दिवशी लिहायला बसलो. कुपी ३ समोर सहकाऱ्याने ठळक अक्षरांत टंकलं : सरिन. मॅडमनी ते खोडलं. प्रथिनाला चिकटताना विषाचा एक भाग गळून जातो, लीव्हिंग ग्रुप. सरिनच्या बाबतीत तो फ्लोरीन. त्या जागी फ्लोरीनऐवजी क्लोरीन असलेला रेणू जरी आला असता, तरी बीशेवरचा ओरखडा हाच, ९१६. रक्ताला तेवढा भेद माहीत नाही. एप्रिल २०१७ मध्ये सीरियातल्या खान शेखुनच्या बाधितांचे नमुने तपासल्यावर ओपीसीडब्ल्यूने ‘सरिन किंवा सरिनसदृश पदार्थ’ असे शब्द वापरले होते. वर्तमानपत्रं वाचताना मला ती भाषा गुळमुळीत वाटली होती, राजकारणी. ती तशी नव्हती. रक्त जेवढं सांगतं तेवढंच त्या शब्दांत होतं. नेमकं कुठलं रसायन, हे ठरवायला माती लागते, बॉम्बच्या कवचाचा तुकडा लागतो.

व्हीएक्सचंही तेच. ९०२ हा आकडा व्हीएक्सच्या एका बाजूचा. त्याची दुसरी, ओळख पटवणारी मोठी बाजू चिकटतानाच निसटते.

मग राहिल्या कुपी १ आणि ५. दोन्हींसमोर एकच वाक्य लिहायचं होतं, आणि त्यावर आम्ही अख्खी दुपार घालवली. ‘नाही’ लिहायचं की ‘आढळले नाही’? सहकाऱ्याच्या मते हा शब्दच्छल. मी त्याला म्हटलं, समज हा माणूस खरा आहे. त्याला त्या दिवशी खरंच काहीतरी झालं होतं, पण रक्त दोन महिन्यांनी घेतलं. त्याला रक्त चढवलं असेल, ऑक्झाइम दिलं असेल, बीशे नव्याने तयार झालं असेल. आपण ‘नाही’ लिहिलं तर उद्या कुणीतरी तो कागद फडकवून म्हणेल, बघा, हा खोटं बोलत होता. ‘आढळले नाही’ आणि त्यापुढे आपल्या पद्धतीची मर्यादा, म्हणजे याहून कमी असेल तर आम्हाला दिसत नाही, हे आकड्यात. तसं लिहिलं. तेराव्या दिवशी अहवाल दिला, दोन दिवस हाताशी राखून. पाचव्या दिवसाचा गोंधळ परिशिष्टात, माझ्या सहीसकट.

पाकीट सोळाव्या दिवशी उघडलं. कुपी २ कीटकनाशक, बरोबर. ३ सरिन, ४ मस्टर्ड, ६ सोमान. ५ कोरी. त्या सकाळी पायऱ्या मला दिसल्या नसत्या तर कुपी ५ समोर आम्ही नर्व्ह एजंट लिहिलं असतं, आणि परीक्षा तिथेच संपली असती.

कुपी १ समोर लिहिलं होतं : व्हीएक्स, अत्यल्प मात्रा.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. मग उठून यंत्रापाशी गेले आणि तेव्हाचा कुपी १ चा आलेख उघडला. ९०२ ची खिडकी. ठरावीक वेळेच्या आसपास, खालच्या खरखरीत एक उंचवटा होता. नक्की होता. मी तो मोठा करून बघितला. आणखी मोठा केला. कपच्यांपैकी एक जुळल्यासारखी वाटत होती, दुसरी नव्हतीच. सहकारी मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “ताई, हा तर दिसतोय की. आपल्याला तेव्हा कसा दिसला नाही?”

मॅडमही आल्या. त्यांनी काही न बोलता कुपी ५ चा, कोऱ्या कुपीचा आलेख उघडला, ९०२ ची तीच खिडकी, तेवढीच मोठी केली. तिथेही एक उंचवटा होता. थोडा डावीकडे, पण जवळजवळ तेवढाच.

“यातला कुठला खरा ते सांग,” त्या म्हणाल्या.

सहकारी बराच वेळ दोन्ही आलेख बघत राहिला. मी फ्रीझरमधून तिसरा भाग काढायला गेले. दुप्पट प्लाझ्मा घेऊन, जास्त मणी वापरून मर्यादा किती खाली नेता येते ते बघायचं होतं, आणि या वेळी ब्लँक आधी लावायचे होते.